भिंतीवरचा ‘क’: जुनाट चक्करीसाठीच्या एका ऑनलाइन व्यायामक्रमाचे परीक्षण

ज्या माणसाचा आठ महिन्यांचा सगळा दिनक्रम चक्कर टाळण्याभोवती बेतलेला आहे, त्याला पहिल्याच पानावर ‘यापुढे रोज दोन वेळा थोडी चक्कर मुद्दाम आणायची आहे’ असे सांगणे हे धाडसच म्हणावे लागेल. त्या पानावरून मी दोनदा परत फिरले होते. तिसऱ्यांदा मात्र नेटाने सुरुवात केली आणि मधले चार दिवस वगळता सहा आठवड्यांचा तो ऑनलाइन व्यायामक्रम पुरा केला. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण असे कार्यक्रम आता बरेच आहेत, त्यांचा साचा जवळपास एकसारखा असतो, आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या साच्याविषयी आहे.

आधी माझ्या दुखण्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यावाचून परीक्षणाला अर्थ राहत नाही. अंतर्कर्णातून मेंदूकडे तोलाची खबर नेणाऱ्या मज्जातंतूला सूज आली होती. पहिले तीन दिवस खोली गरगरत होती आणि उलट्या थांबत नव्हत्या. ते ओसरले, पण मागे जे उरले ते हटेना. मान झटकन वळवली की समोरचे दृश्य क्षणभर मागे राहून मग ओढत आल्यासारखे वाटे. माझे काम मुद्रितशोधनाचे; डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे पडदा, आणि दिवसातून शेकडो वेळा नजरेची व मानेची ये-जा. दुपारपर्यंत ओळी पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसू लागत. तपासणीनंतर गंभीर काही नसल्याचे कळले आणि व्यायामाच्या आकृत्यांचा एक फोटोकॉपी केलेला कागद हातात आला. त्यावर मान हलवणारा माणूस होता, बाण होते आणि ‘रोज करा’ एवढेच शब्द होते. मी तो दहा दिवस केला, चक्कर वाढली, घाबरून सोडून दिला. वाढलेली चक्कर अपेक्षित आहे की धोक्याची, हे त्या कागदावर कुठेच नव्हते.

ऑनलाइन कार्यक्रमाची खरी किंमत नेमकी इथे आहे. व्यायाम तेच आहेत, जवळजवळ शब्दशः तेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी डोक्याला व कानाला इजा झालेल्या रुग्णांसाठी डोळ्यांच्या, मानेच्या आणि चालण्याच्या हालचालींची जी मालिका बसवली, तिचीच ही नातवंडे. निजून राहणाऱ्यांपेक्षा लवकर हिंडूफिरू लागणारे रुग्ण लवकर सावरतात, हे कॉथॉर्न यांनी हेरले होते. म्हणजे व्यायामात नवे फारसे काही नाही. नवे आहे ते चक्करीचे माप ठेवणे आणि त्या मापावरून पुढचे पाऊल ठरवणे.

ते माप का लागते, हे कार्यक्रमातल्या दुसऱ्या पाठात चांगले समजावले आहे. दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके वळले की त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण्याचा वेग कळतो. त्यावरून डोळे तितक्याच वेगाने उलट दिशेला फिरवले जातात, म्हणून चालता चालताही आपल्याला पाटी वाचता येते. हे सगळे सुमारे दहा मिलिसेकंदांत घडते. पापणी लवायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. एका बाजूची खबर कमी पडली की डोळ्यांची ही उलट फिरत अपुरी पडते, आणि जग ‘मागून ओढत’ येते. मेंदू ही चूक भरून काढू शकतो, पण चूक होते आहे हे त्याला कळायला तर हवे. मान ताठ धरून, भिंतीच्या कडेकडेने, डोळे मिटून दिवस काढणाऱ्या माणसाच्या मेंदूला ती कळतच नाही. आठ महिने मी हेच करत होते आणि त्याला काळजी घेणे म्हणत होते. चक्कर दाबणारी औषधे महिनोन्महिने चालू ठेवण्याविरुद्ध डॉक्टर जे सांगतात त्याचे कारणही हेच आहे. अर्थात, ती आपल्या मनाने बंद करू नयेत, ही सूचना कार्यक्रमात ठळक अक्षरांत आहे आणि ती योग्यच आहे.

सुरुवात प्रश्नावलीने होते. येथे मला आपल्या भाषेचे थोडे नवल वाटले. कार्यक्रम इंग्रजीत आहे आणि ‘गोल फिरल्यासारखे’, ‘तरंगल्यासारखे’, ‘शुद्ध हरपेल असे’, ‘तोल जाईल असे’ यांतले नेमके काय होते, असे तो विचारतो. आपण डॉक्टरांसमोर या सगळ्याला सरसकट ‘चक्कर येते’ म्हणतो. मात्र घरी बोलताना घेरी, भोवळ, गरगरणे, झोक जाणे, डोके हलके होणे हे शब्द अगदी नेमके वापरतो. उभे राहताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि कूस बदलताना छत फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि पहिल्या प्रकारात रक्तदाब तपासायला हवा. मान हलवण्याच्या व्यायामाने तो सुधारत नाही. ही प्रश्नावली भरण्याआधी मी मराठीत अर्धे पान लिहून काढले आणि मग उत्तरे दिली. तसे केल्यानेच माझी उत्तरे खरी उतरली, असे मला वाटते.

मूळ व्यायाम सहाच आहेत. मान डावी-उजवीकडे वळवायची आणि मान वर-खाली करायची. हे प्रत्येकी डोळे उघडे ठेवून, मग डोळे मिटून, मग नजर समोर धरलेल्या बोटावर खिळवून. दहा सेकंदांत दहा वेळा, नंतर थोडी विश्रांती, आणि मग चक्करीला शून्य ते पाच यांमधला एक आकडा द्यायचा. शून्य असेल तर तो व्यायाम तुमच्यासाठी सोपा झाला. वेग वाढवा किंवा बसण्याऐवजी उभे राहून करा. पाच असेल तर वेग कमी करा. दोन-तीनच्या आसपास असेल आणि काही मिनिटांत खाली उतरत असेल, तर तोच तुमचा व्यायाम. पुढच्या आठवड्यांत बसून, उभे राहून, पाय जुळवून, शेवटी चालता चालता, अशी चढण आहे. सारे मिळून एका वेळी दहा मिनिटांहून अधिक लागत नाही.

बोटाऐवजी मी दुसऱ्या आठवड्यापासून भिंत वापरली. एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने ‘क’ काढला, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला, हातभर अंतरावर बसले आणि अक्षर स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने मान हलवू लागले. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांनी एकदा करून पाहावा. सावकाश हलवताना ‘क’ जागच्या जागी असतो. वेग थोडा वाढवला की मधला दांडा जाडसर होतो. आणखी वाढवला की डावीकडची गाठ आणि उजवीकडचा बाक एकमेकांपासून सुटल्यासारखे होतात आणि अक्षर ‘फ’ आहे की ‘क’ हे सांगता येत नाही. नेमक्या त्या टोकाच्या अलीकडे थांबून व्यायाम करायचा असतो. पहिल्या दिवशी माझे ते टोक फार जवळ होते, आणि उजवीकडे वळताना अक्षर डावीकडच्यापेक्षा लवकर फुटत होते. आपल्या कोणत्या कानात बिघाड आहे, हे मला एका व्यंजनाने दाखवून दिले, याची मुद्रितशोधक म्हणून गंमत वाटली.

आकडे लिहून ठेवण्याची सक्ती मला सुरुवातीला बालिश वाटली होती. तिसऱ्या आठवड्यात तिचा उपयोग कळला. त्या आठवड्यात सर्दी झाली, झोप नीट झाली नाही आणि सगळे पहिल्यासारखे झाले, असे वाटून मी चार दिवस व्यायाम सोडला. पाचव्या दिवशी वही उघडली तर पहिल्या आठवड्यात बसून केलेल्या ज्या व्यायामाला चार दिले होते, तोच आता उभे राहून करताना तीन होता. म्हणजे घसरण होती, पण ती पायथ्यापर्यंत नव्हती. चक्करीच्या दुखण्यात कालचा दिवस आठवत नाही, आजची घेरी तेवढी खरी वाटते. त्यामुळे लिहिलेला आकडा हाच एक साक्षीदार उरतो. कार्यक्रम स्वतः याचा आलेख काढून दाखवतो. आलेख सुबक आहे, पण मला वहीच अधिक भरवशाची वाटली, कारण तिच्यात ‘झोप कमी’, ‘आज लांबचा प्रवास’ असे शेरे मारता येतात.

हे व्यायाम केवळ एका पीडिताच्या भाबडेपणावर चालत नाहीत, हेही सांगायला हवे. इंग्लंडच्या दक्षिण भागात पन्नाशी ओलांडलेल्या २९६ जणांवर अशाच, पूर्णपणे आपोआप चालणाऱ्या, कोणाचीही प्रत्यक्ष मदत नसलेल्या ऑनलाइन कार्यक्रमाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत तीन व सहा महिन्यांनी त्रास कमी झालेला दिसला. नेदरलँड्समध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३२२ जणांवरची चाचणी २०१९ ची. तिच्यात एका गटाला नुसता ऑनलाइन कार्यक्रम होता, दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला फिजिओथेरपिस्टच्या दोन घरभेटी होत्या आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सरस ठरले. मला यातली लक्षणीय गोष्ट अशी वाटते की पहिल्या दोन गटांत एकमेकांच्या तुलनेत फार मोठा फरक पडला नाही. म्हणजे योग्य निवड झालेल्या रुग्णाला एकट्याने, घरी, पडद्यासमोर बसूनही हे साधते. ‘योग्य निवड’ हे दोन शब्द मात्र हलक्याने घेऊ नयेत. त्यांच्याकडे मी पुढे येते.

प्रमाणाच्या बाबतीत माझा कार्यक्रम थोडा मवाळ आहे. अमेरिकी फिजिओथेरपिस्टांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, एका बाजूचा बिघाड जुना असल्यास नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम दिवसभरात मिळून किमान वीस मिनिटे, चार ते सहा आठवडे करावेत, असे आहे. दोन वेळा दहा मिनिटे म्हणजे बेरीज वीसच होते, पण त्या दहा मिनिटांत विश्रांतीचे क्षण आणि आकडे भरणे धरलेले असते, शिवाय सगळेच व्यायाम नजर स्थिर ठेवण्याचे नसतात. चौथ्या आठवड्यापासून मी ‘क’चा व्यायाम दुपारी तिसऱ्यांदा करू लागले. सुधारणेला खरा वेग आला तो त्यानंतर, असे माझी वही म्हणते. एका माणसाच्या वहीला जेवढे वजन द्यायचे तेवढेच ते द्यावे.

आता दोष. पहिला दोष हास्यास्पद आहे. मोबाइलवर बोटाने मजकूर सरकवताना ज्यांना मळमळते, अशा लोकांसाठी बनवलेला हा कार्यक्रम लांबच लांब पानांचा आहे, आणि पानाच्या माथ्यावर आपोआप सरकत बदलणारी चित्रे आहेत. पहिल्या आठवड्यात व्यायामाआधीच माझा आकडा दोनवर गेलेला असे. पाने छोटी करून ‘पुढे’चे बटण दिले असते तर भागले असते. शेवटी मी पाने छापून घेतली, जे ऑनलाइन कार्यक्रमाच्या दृष्टीने फारसे गौरवाचे नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे: आपण व्यायाम कसा करतो, हे कोणीही पाहत नाही. मान वळवताना मी खांदेही वळवत होते. त्यामुळे मान प्रत्यक्षात फारच कमी फिरत होती, आकडे झपाट्याने खाली येत होते आणि कार्यक्रम मला ‘छान प्रगती’ असे कळवत होता. ही गोष्ट लक्षात आली ती आरशासमोर केल्यावर, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. समोर बसलेल्या फिजिओथेरपिस्टने ती अर्ध्या मिनिटात ओळखली असती. कॉथॉर्न-कुक्सी यांचे व्यायाम मुळात गटाने करून घेतले जात, याचे महत्त्व मला तेव्हा पटले. शेजारचा माणूस कसा करतो हे दिसले तरी अर्धी चूक सुधारते. ज्यांना मणक्याचा त्रास आहे, त्यांनी तर वेग वाढवण्याआधी कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवूनच घ्यावे. आणि डोळे मिटून उभे राहण्याचा व्यायाम भिंतीच्या कोपऱ्यात, पुढ्यात खुर्चीची पाठ ठेवूनच करावा. व्हिडिओतला तरुण तो मोकळ्या खोलीच्या मधोमध करून दाखवतो, हे मला मुळीच पटले नाही.

तिसरा दोष निवडीचा, आणि त्यात माझीही चूक आहे. मला गुण येतो आहे हे पाहून मी उत्साहाने मावशीला हाच कार्यक्रम सुचवला. तिने आठ दिवस केला. फोनवर ती म्हणाली, “अगं, बसल्या-उभ्याने मला काहीच होत नाही. कूस बदलली की तेवढं छत फिरतं, आणि दहा-पंधरा सेकंदांत थांबतं. मग मी ही मान कशाला हलवत बसलेय?” तिचे वाक्य म्हणजे जवळजवळ निदानच होते. ज्याला बोलीत ‘कानातला खडा सरकला’ म्हणतात तो हा प्रकार. कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, आणि डोके विशिष्ट कोनात गेले की थोडा वेळ सगळे गरगरते. त्याची तपासणी टेबलावर झटपट निजवून, डोळ्यांची थरथर पाहून करतात आणि त्यावरचा उपाय म्हणजे डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण बाहेर काढणे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तिला एपली यांच्या नावाने ओळखली जाणारी ती क्रिया एकदा करून दिली आणि पुढच्या दोन दिवसांत ती बरी झाली. सहा आठवड्यांची तिला गरजच नव्हती. माझ्या कार्यक्रमाच्या प्रश्नावलीत ‘अंथरुणात कूस बदलताना त्रास होतो का’ हा प्रश्न आहे, पण ‘हो’ म्हणणाऱ्याला थांबवून ‘आधी ही तपासणी करून या’ असे सांगण्याऐवजी तो नुसता आकडा वाढवून पुढे जातो. या एका गोष्टीसाठी मी त्याचे गुण कापते.

ज्या इशाऱ्यांवर सगळे अवलंबून आहे, तेही पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत आहेत. अचानक नव्याने सुरू झालेली चक्कर आणि तिच्याबरोबर बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय गळणे, एकाची दोन दिसणे, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाचे पान बंद करून थेट रुग्णालय गाठायचे असते. एकाएकी ऐकू येणे कमी झाले तरी त्याच दिवशी दाखवायचे असते. झटक्यांनी येणाऱ्या, मध्ये पूर्ण बरे वाटणाऱ्या आजारात, विशेषतः कानात आवाज आणि दडे बसण्यासह येणाऱ्या मेनिएरच्या झटक्यांत, झटका चालू असताना हे व्यायाम कामाचे नाहीत. हे सारे पहिल्या पानावर, आकृत्यांच्या आधी असायला हवे होते.

पाचव्या आठवड्यातला मनाविषयीचा पाठ मी वरवर वाचून सोडणार होते. श्वासाचे व्यायाम त्यात आहेत, ते कुठेही मिळतात. पण ‘चक्कर आली की तुम्ही काय करता’ या यादीने मला अडवले. उंच फळीवरचे काही काढायचे टाळता का? दात घासून चूळ भरताना मान मागे नेणे टाळता का? गर्दीच्या ठिकाणी खाली पाहत चालता का? माझी तिन्ही उत्तरे ‘हो’ होती, आणि तोवर ती मला लक्षणे वाटत होती. प्रत्यक्षात त्या माझ्याच सवयी होत्या. ज्यांची चक्कर तीन महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, उभे असताना आणि हलत्या किंवा गजबजलेल्या दृश्यांनी वाढत राहते, अशा आजाराचे निकष बारानी सोसायटी या चक्कर व तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये निश्चित केले आहेत आणि त्या रुग्णांना हा भाग मानेच्या व्यायामाइतकाच लागतो. त्यांनी व्यायामाचा वेग मात्र फारच हळू वाढवावा. या पाठाच्या शेवटी सरकत्या पट्ट्यांचा एक व्हिडिओ आहे. तो पाच मिनिटांचा आहे आणि कोणत्याही सूचनेविना पूर्ण पडदाभर सुरू होतो. पहिल्या वेळी मी तो वीस सेकंदांत बंद केला आणि दुपारभर पडून राहिले. पुढे दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून, छोट्या चौकटीत पाहिला, तेव्हा तो सोसला.

एवढे दोष मोजूनही, तपासणी होऊन ‘एका कानाचा तोल कमी झाला आहे, व्यायाम करा’ असे ज्यांना सांगितले गेले आहे आणि ज्यांच्याजवळ फक्त आकृत्यांचा कागद आहे, त्यांना मी हा किंवा अशा घडणीचा कार्यक्रम निःशंकपणे सुचवीन. निदान न झालेल्यांना सुचवणार नाही. वयस्कर माणसाने पहिले दोन आठवडे घरात कोणी असतानाच करावा.

सहावा आठवडा संपला त्या दिवशी पडद्यावर अभिनंदनाचा संदेश आला आणि खालची सगळी पाने कुलूपबंद झाली. नोंदी पाहता येतात, व्यायाम पुन्हा उघडता येत नाहीत. बसून आणि उभे राहून ‘क’ आता त्या दहा सेकंदांत एकदाही फुटत नाही. त्या भिंतीच्या दिशेने चालत येताना मात्र पाचव्या-सहाव्या पावलाला गाठ अजून थोडी सुटते, आणि वहीत त्या ओळीपुढे आज दोनचा आकडा आहे.